मोहरीचा दाणा

डिशवॉशरचं दार उघडलं की आधी गरम वाफ तोंडावर येते, मग निकाल कळतो. खालची ताटं लखलखीत, वरच्या कप्प्यातल्या वाट्या मात्र ओशट. अशा वेळी वरचा कप्पा पुढे ओढावा, त्याच्या पोटाशी असलेला पाणी फवारणारा पंखा सोडवावा आणि खिडकीच्या उजेडात धरावा. एका भोकात मोहरीचा दाणा अगदी मापात बसलेला असतो. शेजारच्या भोकात जिरं, पलीकडे टोमॅटोच्या सालीची सुरळी. टाचणीने टोकरलं की दाणा टपकन ओट्यावर पडतो. कालच्या फोडणीतला, अजून काळाभोर. या पंख्याला वेगळी मोटर नसते. भोकांतून सुटणाऱ्या पाण्याच्या रेट्यानेच तो गरगरतो. भोकं बुजली की रेटा कमी, फिरणं मंद आणि कोपऱ्यातल्या वाट्या कोरड्याच.

पण दाणा इथवर आला कसा? तळाची जाळी चुकवून. म्हणजे जाळी नीट बसलेली नव्हती. ती फिरवून काढली की हाती लागतात भाताची शितं, दाण्याच्या कुटाचा लगदा, कढीपत्त्याचं देठ. यंत्राला वास मारतो, तळाशी पाणी साचतं, त्याचं मूळ बहुधा इथंच असतं. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने जाळी घासावी आणि परत घट्ट बसेपर्यंत फिरवावी. मेकॅनिकला फोन लावण्याआधी एवढं केलं तरी बरीच गाऱ्हाणी मिटतात.

काचेच्या पेल्यांचं गाऱ्हाणं मात्र स्वयंपाकघराबाहेरून येतं. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं आणि पेल्यांवर पांढुरकी झाक ठेवून जातं. यंत्राच्या पोटात हे क्षार अडवणारे बारीक मणी असतात. ते दमले की मीठ त्यांना पुन्हा कामाला लावतं. त्यासाठीचं जाड, शुद्ध मीठ वेगळं मिळतं. फोडणीच्या डब्याशेजारचं आयोडीनयुक्त मीठ इथे चालत नाही. झाक कसली, हे व्हिनेगरचं बोट फिरवून कळतं. निघाली तर क्षार. नाही निघाली तर काचच झिजली आहे, आणि त्यावर इलाज नाही.

अ‍ॅल्युमिनियमची कढई आत गेली की काळवंडून बाहेर येते, कारण यंत्राची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. पितळ आणि लोखंडी तवा यांनाही बाहेरच ठेवलेलं बरं. उलट, ताटं आधी विसळून चकचकीत करण्याची गरज नसते. पावडरमधली विकरं पिष्ट आणि प्रथिनं तोडायलाच बसलेली असतात. खरकटं निपटून टाकलं की पुरे.

हे यंत्रच मुळात एका गाऱ्हाण्यातून जन्मलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफीन कॉक्रेन यांच्या घरची उंची चिनीमातीची भांडी नोकरांच्या हातून टवकत, असं सांगतात. त्यांनी घासण्याऐवजी पाण्याच्या माऱ्यावर चालणारं यंत्र घडवलं, 1886 मध्ये पेटंट मिळवलं आणि 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडलं. आपल्याकडे अनेक घरांत ते शिरलं 2020 च्या टाळेबंदीत, भांडीवाल्या मावशींना सोसायटीचं फाटक बंद झालं तेव्हा.

हातांविरुद्धच्या तक्रारीतून आलेलं यंत्र आता त्याच हातांची कामगिरी उलगडून दाखवतं. यंत्राच्या पुस्तिकेत ‘अडचणी आणि उपाय’ म्हणून जे पानं अडवून बसलंय, ते सगळं मावशी न बोलता करत होत्या. बुडाला लागलेला भात आधी भिजत घालायचा, तांब्याला चिंच लावायची, कढईला काथ्या आणि पेल्याला नुसता हात, मोरीच्या जाळीतली शितं उचलून मग पाणी सोडायचं, वाट्या पालथ्या पण जराशा कलत्या, म्हणजे बुडाशी पाणी राहत नाही. त्यांच्या हाती अडचण व्हायच्या आधीच मिटलेली असायची, म्हणून ती कुणाला दिसलीच नाही.

मावशींचे पैसे ठरवताना पहिला प्रश्न असायचा, “घरात माणसं किती?” तेवढ्यावर आकडा निघायचा. या जाणतेपणाचा हिशेब त्यात कुणीच धरला नाही, आणि मावशींनीही तो कधी मागितला नाही. आता मेकॅनिक नुसता येऊन बघण्याचे पैसे घेतो, तेव्हा तो हिशेब मागायला हवा होता असं वाटतं.