गाळलेला ख्रिस्त

शहापूर आणि मुरबाड या शेजारच्या तालुक्यांत आम्ही दोघे मराठी शिकवतो. 'ख्रिस्तपुराण' शिकवण्याचा आमचा शिरस्ता वर्षानुवर्षे एकच होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, गोवा, १६१६ साल, ओवीछंद आणि त्यातील मराठीची थोरवी, एवढे सांगितले की तासिका संपे. ज्याच्यासाठी ते पुराण रचले गेले, तो ख्रिस्त मात्र आमच्या विवेचनातून निसटून जाई.

सप्टेंबर २०१९मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. लगोलग विरोध सुरू झाला, धमक्या आल्या. आमच्यापैकी एकाच्या वर्गातही प्रश्न आला, "सर, एक पाद्री मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा?" उत्तरादाखल 'सुवार्ता'चे संपादन, 'सुबोध बायबल'ला मिळालेला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार, हरित वसईचा लढा, सारे सांगून झाले. उत्तर खोटे नव्हते. पण त्यांचे धर्मगुरूपण झाकून आम्ही त्यांचे मराठीपण सिद्ध करीत होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, एका पाड्यावरून येणारी मुलगी उभी राहिली. "सर, आमच्या घरी रोज रात्री जपमाळेची प्रार्थना मराठीतच होते," एवढेच बोलून ती खाली बसली. ती कॅथलिक आहे, हे तोवर वर्गाला ठाऊक नव्हते. पुढे काही दिवस तिला टोमणे ऐकावे लागले. ती रोज येत राहिली, त्याच बाकावर बसत राहिली. आम्ही टोमणे मारणाऱ्यांना हटकले नाही, ही खंत आजही आहे.

१० जानेवारी २०२० रोजी, पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही, फादर संमेलनाच्या व्यासपीठावर आले. येशूवरची श्रद्धा आणि तुकोबांवरचे प्रेम यांपैकी एकही त्यांनी कधी लपवले नव्हते. एकासाठी दुसरे सोडावे लागते, हेच त्यांना मान्य नव्हते. धैर्य म्हणजे प्रत्येक वेळी गर्जना नव्हे. आपण जे आहोत ते न झाकता आपल्या जागी बसून राहणे, हेही धैर्यच.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. आता 'ख्रिस्तपुराण' शिकवताना आम्ही मराठीच्या थोरवीपाशी थांबत नाही. मागच्या बाकाकडे पाहतो आणि कथा पुढे सांगू लागतो.