माझा हात गेला कुठे?

मोडलं होतं मनगट, आणि भूलतज्ज्ञ बाई सोनोग्राफीचा प्रोब टेकवत होत्या गळ्याशी, कॉलरबोनच्या वर! ‘अहो, दुखतंय इथे,’ असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. धडधडणारी एक काळी गोल रक्तवाहिनी, आणि तिला बिलगून द्राक्षांच्या घडासारखे बारीक गोल. ‘या तुमच्या हाताच्या नसा.’ माझ्या! आत्ता, आत, जिवंत!

मानेच्या तळाशी पाच मुळं, त्यांतून निघालेल्या नसा इथे पहिल्या बरगडीवर दाटीवाटीने जमतात आणि मग हातभर पांगतात. म्हणजे गर्दीच्या या एकाच जागी औषध सोडायचं, की दंडापासून बोटांपर्यंत सगळं बंद. औषध नसेवरची सोडियमची दारं लावून घेतं. वेदनेचा निरोप पुढे सरकतच नाही. इतकं साधं! आणि मी आयुष्यभर समजत होतो, भूल म्हणजे झोपणं.

आधी तळवा ऊबदार झाला. मग गार बोळा गार लागेना. मग कोपर वाकेना. आणि मग तो चमत्कार: हात छातीवर दुमडलेला आहे, अशी माझी शंभर टक्के खात्री; मान वळवून बघतो तर तो बाजूच्या फळीवर लांब पसरलेला! हाताकडून खबर येणं थांबलं, तर मेंदू आपल्या मनानेच हात कुठेतरी ठेवून देतो. ड्रिलची घरघर ऐकत, डॉक्टरांशी गप्पा मारत मी याचाच विचार करत होतो. प्लेट बसलीसुद्धा.

नंतर वाचत सुटलो. 1880च्या दशकात अमेरिकेत हॉलस्टेड मान उघडून थेट नसांवर कोकेन लावत होते. 1911 मध्ये जर्मनीच्या कुलेनकाम्फने बाहेरूनच सुई घालायची ही वाट शोधली, आणि प्रयोग केला स्वतःवर! सोनोग्राफी नाही, काही नाही. बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या की नस सापडली. खाली लगेच फुप्फुसाचं टोक, बरं का. आजही जपावं लागतंच, पण निदान सुई दिसते.

भेटायला येणारे विचारतात, ‘पडलात कसे?’ ते सोडा हो! इथे बोट ठेवा, कॉलरबोनच्या मागे, जरा दाबा. ठोका लागला? त्याच्या बाहेरच्या अंगाला, तिथेच!