घरचे मैदान

शाळेतील क्रीडाजीवनावर स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आम्हा जुन्या फुटबॉल संघास आले. आम्ही किती करंडक मिळवले हे सांगावयास एक ओळ पुरेल, आणि ती क्रीडा विभागाच्या अहवालात असेलच. म्हणून येथे आम्ही मुंबईच्या एका संघाविषयी लिहीत आहोत. तो संघ आज अस्तित्वात नाही. आमच्यापैकी कोणी त्यातून खेळलेले नाही. तरीही २०१२-१३ च्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्याला टाळ्या वाजविणाऱ्या मोजक्या मंडळींत आम्ही होतो. आपल्या शाळेच्या मैदानाविषयी सध्या जो विचार चालला आहे, त्याच्याशी या संघाच्या कथेचा जवळचा संबंध आहे, म्हणून हा प्रपंच.

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो. एकदा स्वतःच्या मैदानावर, एकदा त्याच्या. घरच्या सामन्याचा लाभ कोणता, असे आमच्या क्रीडाशिक्षकांना आम्ही एकदा विचारले होते. ते म्हणाले, "लेकरांनो, चेंडू सगळीकडे सारखाच गोल असतो. पण पाय थकले की कोणाच्या तरी आवाजावर पळावे लागते." हे उत्तर आम्हास तेव्हा फारसे कळले नाही. कारण आमच्या घरच्या सामन्याला आमच्या घरचे कोणी नसे.

आमची तुकडी पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडच्या आष्टी-पाटोद्याकडील मुलांची होती. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागत. आई-वडील दोघे मिळून एक कोयता. फडाच्या कडेला पाचटाची कोपी घातली की पुढचे पाच-सहा महिने तेच घर; तोड संपली की ते घरही मोडून पुढच्या फडावर न्यावयाचे. धाकटी भावंडे सोबत जात, आणि ज्यांचे शिक्षण मोडू नये असे वाटे, ती आमच्यासारखी मुले वसतिगृहात येत. शाळेचे मैत्रीपूर्ण सामने होत ते जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना. पाहुणा संघ जवळच्या गावाचा असला तर त्याचे काका-मामा मोटारसायकलींवरून येऊन मैदानाच्या कडेला बसत. आमच्या बाजूने ओरडावयास स्वयंपाकघरातील मावशी, भन्तेजी आणि खालच्या वर्गातील मुले. ती मुले मनापासून ओरडत, याविषयी तक्रार नाही. परंतु पाहुण्यांचीच संख्या अधिक असलेला घरचा सामना म्हणजे काय, हे आम्हास पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता त्या मुंबईच्या संघाकडे वळू. मुंबई एफसी हा क्लब २००७ साली स्थापन झाला. द्वितीय श्रेणीतून वर चढून तो देशाच्या त्या वेळच्या सर्वोच्च स्पर्धेत, आय-लीगमध्ये आला. मैदान कूपरेजचे. ज्यांनी मुंबई पाहिली आहे त्यांना ते ठाऊक असेल. मंत्रालयाच्या अलीकडे, चर्चगेट स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाचे सामने याच मैदानाने पाहिले. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, रेल्वे, बँका, एअर इंडिया अशा नोकरीच्या संघांचा येथे वावर होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तीही कूपरेजचाच संघ म्हणून. २०१० मध्ये तो संघ मालकांनी बंद केला. त्यानंतर मुंबईच्या फुटबॉलची भिस्त मुंबई एफसी आणि एअर इंडिया या दोघांवर राहिली, आणि नेमके त्याच काळात कूपरेज नूतनीकरणासाठी बंद झाले.

एवढ्या मोठ्या नगरीत राष्ट्रीय स्पर्धेस योग्य असे दुसरे मैदान मिळाले नाही, ही गोष्ट आजही आम्हास चमत्कारिक वाटते. क्रिकेटची मैदाने तेथे हाकेच्या अंतरावर आहेत. असो. दोन्ही संघांचे घरचे सामने घाट उतरून नव्हे, घाट चढून पुण्याच्या बालेवाडीस खेळविले जाऊ लागले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले ते शिवछत्रपती क्रीडा संकुल. पुणे एफसीचेही घर तेच. म्हणजे एका मैदानावर तीन यजमान. मुंबईचा पुण्याशी सामना असे आणि कागदोपत्री मुंबई यजमान असे, तेव्हा पुणेकर आपल्याच मैदानावर पाहुणे म्हणून उतरत आणि प्रेक्षक मात्र त्यांचे असत. याहून विचित्र घरचा सामना कल्पिणे कठीण.

मुंबईहून पुणे सुमारे दीडशे किलोमीटर, नगरहून एकशेवीस. म्हणजे मुंबईच्या घरच्या मैदानाला मुंबईकरांहून आम्ही जवळचे होतो! हा हिशेब आमच्या क्रीडाशिक्षकांनीच फळ्यावर मांडून दाखविला आणि एका रविवारी वीस मुलांना घेऊन ते निघाले. दुष्काळाचे ते वर्ष होते. शाळेत पाण्याचा टँकर दिवसाआड येई, मैदानाची नुसती धूळ झाली होती. पहाटे निघालो. सुपे, शिरूर, रांजणगाव. पेरणे फाट्यावर जयस्तंभापाशी थांबून वंदन केले, तेथेच चटणी-भाकरी सोडली आणि अवघे पुणे ओलांडून बालेवाडीस पोहोचलो. हिरवे मैदान आमच्यापैकी अनेकांनी त्या दिवशी प्रथम पाहिले. एकाने खाली वाकून गवत चाचपून पाहावयाचा प्रयत्न केला, तर कुंपण आड आले.

प्रेक्षागार प्रचंड आणि माणसे तुरळक. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात आधीच बरेच अंतर. त्यात रिकाम्या खुर्च्या. खेळाडू एकमेकांना हाक मारत ते आम्हास स्पष्ट ऐकू येई. चेंडूला पाय लागल्याचा आवाजही. आमच्या पुढच्या ओळीत साठीचे एक गृहस्थ गळ्यात मफलर घालून एकटेच बसले होते. आम्ही मुंबईच्या बाजूने ओरडू लागलो तसे ते वळले.

"कुठली रे पोरं तुम्ही?"

"नगर जिल्ह्यातली, काका."

"मग मुंबईसाठी का ओरडताय?"

आमच्यातील गोलरक्षक म्हणाला, "त्यांचं कुणी आलेलं दिसत नाही म्हणून."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी आलोय की." ते बँकेतून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना कार्यालय सुटले की कूपरेजवर डोकावून मग लोकल धरावयाची, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. आता सामना पाहावयाचा तर पहाटेची गाडी, पुण्यात दोन बस, आणि सामना संपला की वाकडला हमरस्त्यावर उभे राहून मुंबईची गाडी थांबवावयाची. "सोबतचे चौघे पहिल्या वर्षी यायचे," ते म्हणाले. "एकाचा गुडघा गेला, एकाला सून ओरडते. वाटेवरचं होतं तोवर सगळे होते." मध्यंतरात त्यांनी आम्हा सर्वांना शेंगदाणे दिले आणि खेळाडूंची नावे शिकविली. उत्तरार्धात आम्ही नावे घेऊन ओरडू लागलो. एका बचावपटूने कॉर्नरच्या वेळी आमच्याकडे पाहून हात वर केला. तो कोणासाठी होता यावर परतीच्या प्रवासात शिरूरपर्यंत वाद चालला.

निकाल आम्ही मुद्दाम लिहीत नाही. त्याने या हकिगतीत काही भर पडत नाही.

या संघाचे पुढे काय झाले, हे मात्र सांगितले पाहिजे. २०१३ साली एअर इंडियाचा संघ आय-लीगमधून बाद झाला. मुंबई एफसी तग धरून राहिली, आणि त्याचे बरेचसे श्रेय प्रशिक्षक खालिद जमील यांना द्यावे लागेल. २००९ पासून त्यांनी हा संघ तुटपुंज्या बळावर दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचविला. त्यांच्या बचावात्मक खेळावर टीकाही पुष्कळ झाली. पण ज्याला स्वतःचे मैदान नाही, त्याने उधळून कसे खेळावे, हे टीकाकारांनी सांगितले नाही. २०१४-१५ च्या हंगामात संघ कूपरेजवर परतला. कृत्रिम गवत आले होते, आसने नवी होती. दरम्यान नव्या सुपर लीगचा झगमगाट सुरू झाला होता आणि मुंबईकरांना पाहावयास दुसरा संघ मिळाला होता. २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले आणि २०१६-१७ मध्ये त्या छोट्याशा संघाने आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिली आणि लवकरच बंद पडली. ऐझॉलचे लोक आपल्या डोंगरातील मैदानावर आपल्या संघासाठी गोळा होत. दोन संघांत हा एकच फरक होता असे आम्ही म्हणणार नाही, परंतु तो फरक लहान नव्हता. पुढे २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा आमच्या गटात सर्वांत प्रथम आठवण निघाली ती त्या शेंगदाण्यांची.

बालेवाडीची वाट मुंबईस पुन्हाही धरावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटी हा धनवान संघ आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या संघाशी घरचा सामना खेळला तो बालेवाडीसच, कारण अंधेरीचे मैदान त्या स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हते. परंतु त्याला परतावयास घर होते.

दूर गेलेला प्रत्येक संघ संपतोच असेही नाही. इंग्लंडमधील ब्रायटनच्या संघाचे गोल्डस्टोन मैदान विकले गेले आणि १९९७ ते १९९९ अशी दोन वर्षे त्याला घरचे सामने जिलिंगहॅम येथे खेळावे लागले. अंतर सत्तर मैलांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आमचे नगर-पुणे. संघ तळाच्या श्रेणीत होता. तरी काही हजार माणसे प्रत्येक घरच्या सामन्याला एवढा प्रवास करीत, आणि उरलेल्या दिवशी गावात नवे मैदान मिळावे म्हणून अर्ज, सभा, मोर्चे चालवीत. ते मैदान २०११ मध्ये उभे राहिले. युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क संघाची गोष्ट याहून कठोर. २०१४ मध्ये युद्धामुळे त्याने शहर सोडले. पहिले घर मिळाले ते सुमारे हजार किलोमीटरवरच्या ल्विव्हमध्ये. त्या संघाला अजून परतता आलेले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे. शाळेच्या नव्या वसतिगृहाचे काम हाती घ्यावयाचे ठरत आहे आणि इमारतीला जागा हवी ती मैदानाचीच. वसतिगृह हवे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. एका खोलीत चौदा जण झोपून आम्ही शिकलो आहोत. बांधकाम पुरे होऊन मागील पडीक जागेवर मैदान तयार होईपर्यंत, निदान दोन वर्षे, मुलांचे सामने नगर शहरातील भाड्याच्या मैदानावर घ्यावेत, असा प्रस्ताव आहे. त्यात संघातील अठरा मुले आणि एक शिक्षक यांच्या प्रवासाचा खर्च धरला आहे. ओरडणाऱ्यांचा धरलेला नाही.

आम्ही हिशेब केला आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून घरचे सामने सहा. प्रत्येक सामन्याला पन्नास जागांची एक गाडी, म्हणजे खालच्या वर्गातील पंचेचाळीस मुले, स्वयंपाकघरातील दोन मावश्या आणि तीन शिक्षक. दोन वर्षांच्या बारा फेऱ्यांचे भाडे आमच्या तुकडीने उचलण्याचे ठरविले आहे. त्यातील पहिल्या सहांची रक्कम या स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी कार्यालयात जमा होईल. नव्या मैदानाची जागा आताच आखून, कुंपण घालून घ्यावी, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. आखलेली नसलेली जागा गोदामाला, वाहनतळाला, कशालाही जाते.

आणखी एक. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक कारखान्यांचे पट्टे पडतात आणि टोळ्या गावी परततात. शाळेस सुट्टी लागण्यापूर्वी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एक सामना राखून ठेवता आला तर पालक आपल्या मुलांना न्यावयास येतील तेव्हाच तो पाहू शकतील. ऊन फार असते हे खरे. सकाळी सातला सुरू केला तर साडेआठपर्यंत आटोपतो. पालकांना कळविण्याचे काम आम्ही करू. कोणत्या टोळीत कोण आहे आणि कोणाचा दूरध्वनी लागतो, याची यादी आमच्यातील तिघांनी करावयास घेतली आहे.