तोंडात धरलेले पाणी

शब्दकोश चाळताना मी नामांपेक्षा आणि क्रियापदांपेक्षा वाक्प्रचारांपाशी अधिक रेंगाळतो. बोलणे आणि गप्प राहणे या दोन क्रियांभोवती तर प्रत्येक भाषेत वाक्प्रचारांची दाटी असते. इंग्रजी आणि इटालियन भाषांतील असे वाक्प्रचार शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा मला छंद आहे. मराठी मनाला त्यातील काही अगदी घरचे वाटतात, तर काही परके.

प्रथम साम्येच डोळ्यांत भरतात. मूल गप्प बसले की इंग्रज त्याला विचारतो, मांजराने तुझी जीभ पळवली का? इटालियन माणूस विचारतो, मांजराने तुझी जीभ खाल्ली का? बातमी कोणी सांगितली हे लपवायचे असेल, तर दोघेही एका चिमुकल्या पाखराचे नाव पुढे करतात. आठवता आठवत नसलेला शब्द दोघांच्याही जिभेच्या टोकावर असतो. काही ठिकाणी अर्थ तोच राहतो आणि चित्र बदलते. मुद्दा टाळून बोलणारा इंग्रज झुडपाभोवती काठी आपटत राहतो, इटालियन माणूस कुत्र्याला खळ्यात फिरवत राहतो, आणि आपण ताकाला जाऊन भांडे लपवतो. स्पष्टवक्ता इंग्रज फावड्याला फावडे म्हणतो, तर इटालियन स्पष्टवक्ता भाकरीला भाकरी आणि द्राक्षमद्याला द्राक्षमद्य म्हणतो. अशा माणसाच्या जिभेवर केस नसतात, असेही इटलीत म्हणतात. आपण जिभेला हाड नसते म्हणतो. इटालियन म्हण त्यापुढे एक पाऊल टाकते: जिभेला हाड नसते, पण ती पाठ मोडते.

द्विभाषिक कोश अशा जोड्यांमध्ये बरोबरीचे चिन्ह घालतो. विद्यार्थ्याला ते सोयीचे असते. परंतु त्या चिन्हाखाली काय दडते, हे पाहण्यासाठी दोन जोड्यांकडे थोडे निरखून पाहावेसे वाटते.

पहिली जोडी गुपित राखण्याची आहे. इटालियन माणूस गुपित सांगून झाल्यावर म्हणतो, ‘आक्वा इन बोक्का’, म्हणजे तोंडात पाणी! मराठी वाचकाला येथे आपली मिठाची गुळणी आठवल्यावाचून राहणार नाही. इंग्रजीत त्याच प्रसंगी ‘कीप मम’ म्हणतात. ‘मम’ हा मिटल्या ओठांतून निघणारा नुसता हुंकार आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने या शब्दावर श्लेष साधून, वडिलांसारखे गप्प राहा, असे सांगणारी भित्तिपत्रके लावली. मुसोलिनीच्या इटलीतही, गप्प राहा, शत्रू ऐकतो आहे, असे बजावणारी भित्तिपत्रके होती. मात्र तेथे उपाहारगृहांत आणि दुकानांत आणखी एक पाटी लटकत असे: येथे राजकारणावर बोलत नाहीत. पहिल्या सूचनेत शत्रू बाहेरचा होता. दुसरीत ज्याच्यापासून शब्द जपायचा, तो आपलाच शेजारी किंवा आपलेच सरकार असू शकत होते. तोंडात पाणी धरणे हे तसेही श्रमाचे काम आहे. ते गिळावे लागते किंवा थुंकावे लागते. जन्मभर कोणालाही धरून ठेवता येत नाही.

दुसरी जोडी गुपित फोडण्याची आहे. इंग्रजीत ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे घेवड्याचे दाणे सांडणे. त्यात हलगर्जीपणा आहे, थोडे हसूही आहे. आपण मूग गिळून बसतो आणि इंग्रज दाणे सांडतो, ही गंमत मला नेहमी वाटते. इटालियन प्रतिशब्द मात्र वेगळ्या वजनाचा आहे: ‘व्हुओतारे इल साक्को’, पोते रिकामे करणे. दाणे हातून सांडतात, पोते ठरवून उलटे करावे लागते, आणि त्याआधी ते कोणीतरी पाठीवर वाहिलेले असते. कबुलीजबाबासाठी हा वाक्प्रचार वापरला जातो, यात नवल नाही.

हे वजन समजून घ्यायचे तर सिसिली बेटाकडे पाहावे लागते. तेथील माफियाच्या मौनसंहितेला ‘ओमेर्ता’ म्हणतात: पाहिलेले पाहिले नाही म्हणावे, ऐकलेले ऐकले नाही म्हणावे. आपल्या ‘अळीमिळी गुपचिळी’त मुलांच्या खेळाचा निरागसपणा आहे. ओमेर्ता मोडणाऱ्याला मात्र जिवाची किंमत मोजावी लागे. १९८४ साली तोम्मासो बुशेत्ता या माफियाच्याच माणसाने न्यायदंडाधिकारी जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे आपले पोते रिकामे केले. तो साधुपुरुष नव्हता. टोळीयुद्धात त्याचे दोन मुलगे नाहीसे झाले होते. त्याच्या जबानीचा मोठा आधार घेऊन पालेर्मो शहरात फेब्रुवारी १९८६ मध्ये चारशेहून अधिक आरोपींवरचा महाखटला उभा राहिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये त्याचा निकाल लागला.

आता एक म्हण तपासून पाहावी. ‘की ताचे आक्कोन्सेन्ते’, जो गप्प बसतो तो संमती देतो, असे इटालियन म्हणतात. इंग्रजीतही हीच म्हण आहे आणि संस्कृतातून आपल्याकडे आलेले ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचनही तेच सांगते. तीन भाषांचे इतके एकमत क्वचितच होते. तरीही ही म्हण मला पुरती पटलेली नाही. १५३५ साली इंग्लंडमध्ये सर थॉमस मोर यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. आठवा हेन्री हा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख आहे की नाही, याविषयी त्यांनी मौन पाळले होते. कायद्याच्या सूत्रानुसार मौन म्हणजे संमती, म्हणून माझे मौन विरोध ठरत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. न्यायालयाने तो मानला नाही आणि ६ जुलै रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. सिसिलीत याच्या उलट घडत राहिले. तेथील भेदरलेल्या शेतकऱ्याचे आणि दुकानदाराचे मौन बाहेरच्यांनी अनेकदा संमती म्हणूनच वाचले. एका मौनातला नकार सत्तेने ओळखला आणि त्याला शिक्षा केली, तर दुसऱ्यातली भीती कोणाला ओळखावीशीच वाटली नाही. मौनाचा अर्थ गप्प राहणाऱ्याच्या हाती फारसा राहत नाही. तो ऐकणारा ठरवतो, आणि ऐकणारा बलवान असेल तर त्याच्या सोयीने ठरवतो.

२३ मे १९९२ रोजी फाल्कोने यांची पत्नी आणि तीन अंगरक्षकांसह बाँबस्फोटात हत्या झाली. दोन महिन्यांच्या आत, १९ जुलै रोजी, त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेल्लिनो हेही मारले गेले. त्यानंतर पालेर्मोच्या रहिवाशांनी आपल्या सज्जांतून पांढऱ्या चादरी बाहेर टांगल्या आणि त्यांतल्या अनेकींवर माफियाविरुद्धचा निषेध लिहिला. कोणत्या घराने चादर लावली आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. भाकरीला भाकरी म्हणणे म्हणजे काय, हे मला त्या चादरींविषयी वाचल्यावर अधिक स्पष्ट झाले. तोवर तो कोशातला एक खुसखुशीत वाक्प्रचार होता.

म्हणून वाक्प्रचारांची तुलना करताना प्रतिशब्द सापडला की काम संपले, असे मी मानत नाही. तो कोण उच्चारतो, कोणासमोर उच्चारतो आणि उच्चारल्यावर त्याचे काय होते, हे तीन प्रश्न मग विचारायचे उरतात. मराठीत ‘मूग गिळून बसणे’ वाचतानाही ते मूग कोणी गिळायला लावले, याचा शोध घ्यावासा वाटतो.