मेजावरची लढाई आणि तिच्या आकृत्या

खेळ शिकविणारा माणूस समोर बसलेला असला म्हणजे नियमांच्या वहीची कोणाला आठवणहि होत नाहीं. चाल चुकली कीं तो हात धरतो, तंटा निघाला कीं निवाडा देतो. पण तो उठून गेला म्हणजे खेळ उरतो तो कागदावर, आणि कागदाला तोंड नसतें. आकृतीची खरी गरज तेथें लागते.

आमच्या घरीं हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मामंजींचें वय आज ब्याऐंशी. मुळशी तालुक्यांतील कोराईगड, घनगड, तैलबैला हा सारा घांटमाथा त्यांनीं तरुणपणीं पायांखालीं घातलेला. या मुलखाशेजारींच, कुरवंड्याच्या घांटाखालीं, उंबरखिंडींत इ. स. १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची मोंगली फौज कोंडून तिला शरण आणिलें. त्या प्रसंगावर मामंजींनीं नातवंडांसाठीं मेजावर खेळावयाचा एक युद्धखेळ रचला आहे. लाकडी ठोकळे हीं पथकें, फुटपट्टीनें मोजावयाची चाल, आणि फांशांत दैव. खेळ उत्तम, पण नियम सारे त्यांच्या मुखांत! दीरांचीं मुलें शिकागोस. तीं दूरध्वनीवर विचारतात, "आजोबा, पथक वळतें तें कोपऱ्यावर कीं मधोमध?" आणि आजोबा इकडे हवेंत बोटें फिरवितात.

असे खेळ नियमबद्ध करण्याची प्रथा जुनी आहे. प्रशियांत रायस्विट्झ या लष्करी अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. पुढें १९१३ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत खेळण्यांतील शिपायांची लढाई घरच्या जमिनीवर आणिली. त्या काळीं आकृतींसाठीं चितारी व छापखाना लागे. आज घरचा संगणक पुरतो. मात्र त्यावरील सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें, याचा विचार शांतपणें करावयास हवा.

पहिला भेद असा. छायाचित्रें सुधारण्याचीं साधनें चित्र ठिपक्यांचें करतात; तें मोठें केलें कीं कडा फुटतात. रेषाचित्राचीं साधनें प्रत्येक रेघ, बाण व चौकोन निरनिराळा लक्षांत ठेवतात. नियमांच्या आकृतींत तर डोंगर तोच, पथक तेंच, पण आधीं येथें व मग तेथें, असेंच नेहमीं चालतें. सबब दुसरा प्रकारच घ्यावा.

पुतण्यानें सुचविलेलें साधन देखणें होतें, पण महिन्याच्या भाड्याचें. भाडें थांबलें कीं आपलीच आकृति आपल्याला दुरुस्त करतां येऊं नये, हें मला पटेना. जाऊबाईंच्या परिचयाचें म्हणजे लिबरऑफिसमधील 'ड्रॉ'. तें विनामूल्य व शिकावयास सोपें. चौकटी व बाण काढण्यास पुरेसें. अखेर मीं 'इंकस्केप' निवडलें. तेंहि विनामूल्य असून २००३ पासून देशोदेशींचे लोक हौसेनें तें वाढवीत आले आहेत. त्याची फाईल एसव्हीजी या खुल्या पद्धतीची असल्यानें ती दुसऱ्या साधनांतहि उघडतां येते. ठोकळ्याच्या 'क्लोन' नांवाच्या प्रती केल्या कीं मूळ ठोकळा बदलतांच साऱ्या बदलतात. डोंगर खालच्या थरांत, पथकें मधल्या, आणि बाण व अक्षरें वरच्या थरांत ठेवून थरांना कुलूप घातलें म्हणजे एकास हात लावतां दुसरें हलत नाहीं.

निवडीपूर्वीं दोन परीक्षा अवश्य घ्याव्या. 'दृष्टि', 'शस्त्र', 'निर्णय' असे शब्द लिहून पीडीएफ करावी व जोडाक्षरें अभंग राहतात काय, तें पाहावें. तसेंच एक पान काळ्या शाईनें छापावें. मावळे व मोंगल केवळ रंगानेंच ओळखूं येत असतील, तर एका पक्षाचा ठोकळा भरीव व दुसऱ्याचा रेघांचा करावा.

पहिली आकृति मामंजींपुढें ठेवली. चष्मा पुसून त्यांनीं ती निरखली आणि म्हणाले, "सूनबाई, खिंड आणखी जरा आवळ. खान निसटेल!" मीं तेथल्या तेथें खिंडीच्या दोन रेघा जवळ ओढल्या, बाकीचें सारें जागच्या जागीं राहिलें. वडीलधाऱ्यांचा शब्द इतक्या सहज मानणारें, आणि आमच्यामागून नातवंडांनाहि उघडतां येईल असें साधन घरांत असावें.

गेल्या रविवारीं शिकागोहून शंका आली नाहीं. लढाईचा निकाल तेवढा आला.