ओल्या लाकडाचं धनुष्य

मे महिन्यात नातू पुण्याहून आला होता. वय वर्षं अकरा. बॅगेत पुस्तक एकही नाही, पण डोक्यात एक व्हिडिओ पक्का बसलेला. जंगलात एकटे सापडलात तर ताज्या तोडलेल्या फांदीचं धनुष्य अर्ध्या तासात कसं करायचं, असा तो व्हिडिओ. सकाळी माझा चहा व्हायच्या आत त्याने तो मला दोनदा दाखवला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही धडगावच्या डोंगरात शिकवायला होतात ना? तिथे तर सगळ्यांकडे धनुष्य असतं. मग तुम्हाला येतच असेल."

नातवापुढे 'येत नाही' म्हणण्याची हिंमत कुठल्या आजोबात असते? म्हटलं, चल.

आमच्या शहाद्याच्या घरामागे शेजाऱ्यांच्या बांधावर कडुनिंब आहे. त्यांना विचारून एक सरळ फांदी तोडली. अंगठ्याहून थोडी जाड, नातवाच्या छातीइतकी लांब, गाठी शक्य तितक्या कमी. आता मला जे आठवत होतं ते असं. फांदी जमिनीवर उभी धरून वरून हलका दाब द्यायचा, म्हणजे ती आपणहून कुठल्या बाजूला वाकते ते कळतं. जी बाजू बाहेर फुगते, तिला कोयती लावायची नाही. ताण तिच्यावर येतो, तिथला एक तंतू तुटला तरी धनुष्य तिथूनच मोडतं. तासायचं ते आतल्या बाजूने, मधली मुठीची जागा जाड ठेवून टोकांकडे बारीक करत न्यायचं. एक हात जास्त वाकत असेल तर त्याला हात लावायचा नाही, न वाकणारा हात थोडा तासायचा. शेवटी दोन्ही टोकांना खाचा आणि नायलॉनची दोरी. सुतळी लवकर तुटते, म्हणून ती नको.

बाणाला तुरीची काडी घेतली आणि टोकाला चिंधी गुंडाळली, कारण ओट्यावर आमच्या हिचं वाळवण होतं आणि शेजाऱ्यांची म्हैसही जवळच होती. दोरी ओढून बाणाशिवाय कधी सोडायची नाही, हेही नातवाला बजावलं. बाण नसला की तो सगळा झटका लाकडातच जातो.

पहिला बाण अंगण ओलांडून गेला. नातू नाचला. माझीही मान थोडी ताठ झाली, खोटं कशाला सांगू! दुपारभर त्याने बाण सोडले. चार वाजेपर्यंत बाण अंगणाच्या मध्यात पडू लागला, आणि संध्याकाळी तर त्याच्या पायापासून चार हातांवर. दोरी काढून बघितलं तर फांदी तशीच वाकडी राहिलेली. सरळ होईचना.

"आबा, याला काय झालं?"

मग मास्तरकी जागी झाली. त्याला सांगितलं, ताज्या लाकडात पाणी असतं. ते वाकतं फार सहज, म्हणून नवशिक्याला वाटतं, वा, काय छान लाकूड! पण आतल्या बाजूचे तंतू दाबले गेले की तसेच दबून राहतात. लाकूड बाक धरून बसतं. वाकणं म्हणजे धनुष्य नव्हे, वाकून पुन्हा सरळ होण्याची ओढ म्हणजे धनुष्य. जंगलात अडकलेल्या माणसाला एका दिवसापुरतं हे ओलं धनुष्य ठीक आहे. दोरी रोज उतरवून ठेवली तर आणखी चार दिवस चालेल. पण ज्यांना धनुष्य रोज लागतं, ते लाकूड आधी वाळवतात. तेही सावलीत, सावकाश. घाई केली की टोकांकडून तडे जातात.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी त्याला अर्धवट काहीतरी सांगितलं. इथे पूर्ण लिहितो.

१९७६ साली मी अक्राणी तालुक्यात एका पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत होतो. तेव्हा आपला जिल्हा धुळेच. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. धडगावहून चालत अडीच तास. मुलं पावरा आणि भिल्लांची. माझं पावरी यथातथाच आणि त्यांचं मराठी पाठ्यपुस्तकापुरतं. मोठी मुलं शाळेत येताना तीरकामठा घेऊन यायची आणि वर्गाच्या कोपऱ्यात उभा करून ठेवायची. शहरातली मुलं छत्री ठेवतात तसा.

पावसाळ्यात तपासणीला साहेब यायचे होते. वर्गात तीरकामठे दिसले तर साहेब काय म्हणतील, या धास्तीने मी सकाळी सगळे उचलून मागच्या पडवीत टाकले. साहेब भिजत आले. त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेलो तर लाकडं सगळी ओली. नुसता धूर. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण जाळ काही धरेना. शेजारी ते कामठे पडले होते. त्यातला एक मी उचलला, गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला. चुकून नाही, कळून. मनात हिशोब एवढाच होता की जंगलात बांबूला काय तोटा, पोरगं संध्याकाळपर्यंत दुसरा करेल.

काय सुरेख पेटला तो! चहा पाच मिनिटांत झाला.

साहेब गेल्यावर मुलं आपापले कामठे घ्यायला आली. चौथीतला एक मुलगा शोधत शोधत चुलीपाशी आला. खाच असलेलं एक अर्धवट जळकं टोक बाहेर पडलं होतं. त्याने ते उचललं, पाहिलं आणि परत खाली ठेवलं. रडला नाही. एवढंच म्हणाला, "सुकेल होता, गुरुजी."

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

बारा दिवसांनी त्याचा बाप त्याला घेऊन आला. मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. भांडायला आला तर हे म्हणायचं, भरपाई मागितली तर ते. तो ओट्यावर उकिडवा बसला आणि त्याने एकच विचारलं, "नाव कापलं का?" हजेरीतून पोराचं नाव कमी केलं का, याची त्याला काळजी. कामठ्याबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, नाव आहे. मग मीच विचारलं, नवा कधी करणार? त्याने मान हलवली. आता बांबूत पाणी आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे किडा लागत नाही, असं त्याचं म्हणणं. माझा 'संध्याकाळपर्यंत'चा हिशोब तिथेच कोसळला.

आणि 'जंगलात काय तोटा' हाही. १९२७ च्या वनकायद्यात बांबू हे झाड धरलेलं होतं. जंगलातून एक वेळू आणायचा तरी नजर चुकवत आणावा लागे. बांबूला गौण वनउपज म्हणून मान्यता मिळाली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. म्हणजे माझ्या एका कप चहासाठी त्या माणसाला चोरासारखं जंगलात जावं लागणार होतं.

थंडीत मी त्याच्या झोपडीवर गेलो. त्याने भरीव, पक्का वेळू निवडला होता. तो उभा फोडला. कोवळा घेत नाहीत. फोडलेली पट्टी चुलीच्या वर आढ्याला धुरात टांगली. धुराने ती हळूहळू वाळते आणि भुंगाही लागत नाही. होळीच्या आधी ती खाली काढली. वरची गुळगुळीत साल तशीच ठेवून त्याने फक्त आतली बाजू तासली, आधी विळ्याने आणि मग काचेच्या तुकड्याने खरवडून. प्रत्येक चार हातांनंतर वाकवून बघायचा, डोळा बारीक करून. दोरी कसली, तर तीही बांबूचीच! सालीची एक लांब, पातळ, चिवट पट्टी. धनुष्यही बांबूचं आणि प्रत्यंचाही बांबूची. मी बीए झालेला माणूस, पण हे मी कधी ऐकलंही नव्हतं.

धामणीच्या लाकडाचंही धनुष्य चांगलं होतं. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही एक नाव आहे. हे मी पुढे वाचलं. त्या झोपडीत मला फक्त एवढं दिसलं, की त्याने कामठा पूर्ण ओढला, बाण सोडला, मग दोरी उतरवून तो जमिनीवर आडवा ठेवला. होता तसा सरळ. मग त्याने पोराकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

मुलगा शाळेत परत आला होता, पण नवा कामठा त्याने वर्गाच्या कोपऱ्यात कधीच ठेवला नाही. समोरच्या मोहाच्या फांदीला टांगायचा, बसल्या जागेवरून दिसेल असा. मला तो रोज दिसायचा.

त्याच वर्षी मी वर्गात एकलव्याची गोष्ट सांगितली. गुरुभक्तीचा आदर्श वगैरे, नेहमीप्रमाणे. अंगठा कापून दिल्यावर पोरं हळहळतील असं वाटलं, तर ती हसायला लागली. अंगठ्याने कोण ओढतं? त्या मुलाने उठून दाखवलं. दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाने ओढायची, अंगठा बाजूलाच. निवृत्तीनंतर महाभारत नीट वाचलं तेव्हा आदिपर्वातच सापडलं, की एकलव्य त्यानंतर नुसत्या बोटांनी बाण सोडू लागला, फक्त पूर्वीइतका जलद नाही. आम्ही मास्तर लोक गोष्ट अंगठ्यापाशीच संपवतो. असो. द्रोणाचार्यांनी निदान समोर बसवून मागून घेतलं होतं. मी तर न विचारता चुलीत घातलं.

चौथी पास होऊन तो मुलगा आश्रमशाळेत गेला. १९८२ ला माझी बदली झाली. पुढे त्याची माझी भेट नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तीरकामठा आता लग्नाला, होळीला आणि ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीतच जास्त दिसतो. शहाद्यातून मिरवणूक जाते तेव्हा मी ओट्यावर उभा राहतो. साठीच्या आतबाहेरचा, हातात कामठा असलेला माणूस दिसला की चेहरा निरखून बघतो.

नोकरीत मी ज्यांना 'गुणी मुलं' म्हणालो, ती बहुतेक लवकर वाकणारी होती. सांगितलं की ऐकणारी. त्यातली किती पुन्हा सरळ झाली, हे बघायला मी थांबलो नाही. वर्ग पुढे जातो, मास्तर तिथेच राहतो, अशी सोयीची समजूत करून घेतली होती.

नातवाला यातलं थोडंच सांगितलं, पण पोरगं हुशार. त्याने नेमकं विचारलं, "मग तुम्ही सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. तेव्हा गुरुजी विद्यार्थ्याला असं म्हणत नसत. आणि म्हणावंसं वाटलं तेव्हा मुलगा समोर नव्हता.

कडुनिंबाचं ते वाकडं धनुष्य त्याने पुण्याला नेलं नाही. इथेच खुंटीला आहे. ही त्याला पिशव्या अडकवते. बांधावर बांबूचं एक बेट आहे, त्यातला एक जुना वेळू आम्ही दोघांनी निवडून त्याला लाल चिंधी बांधून ठेवली आहे. चूल आता नाही, तेव्हा माळ्यावर वाळवू. पुढच्या होळीला तो आला की तासायला घेऊ, असं ठरलं आहे.

आता श्रावण चालू आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. "आबा, थंडी पडली का?"

म्हणतो, अजून नाही रे.