पायाळूची लाथ

सातारा,
रविवार, रात्री

चि. बंड्या,


तुझा मेसेज वाचला, कमरेच्या एम.आर.आय.च्या रिपोर्टचे फोटोही पाहिले. फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतोस, म्हणून लिहूनच काढतेय. पडल्या पडल्या वाचायला तुला सध्या वेळही आहे. 'तीन आठवडे बेडरेस्ट सांगितलीय, दिवाळीला येणं होत नाही' असं शेवटी लिहिलंयस, त्याकडे नंतर येते.

आजीला उसण भरायची ते आठवतं का? परसातून धुण्याची बादली घेऊन येताना ती मधेच वाकडी व्हायची, 'आई गं' म्हणून खांब धरायची आणि आई मला पिटाळायची पलीकडच्या आळीतल्या शेवंताला बोलवायला. शेवंता पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. आजी उंबऱ्यात पाठमोरी उभी राहायची आणि ती दहा-बारा वर्षांची पोर लाजत लाजत तिच्या कमरेला हलकेच तीनदा लाथ मारायची. मग आजी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. मला शेवंताचा फार हेवा वाटायचा. आजीला लाथ मारायची आणि वर गूळ!

फिजिओथेरपी शिकताना या प्रकाराला मी पोटभर हसले होते. आता वीस वर्षं लोकांच्या कमरा बघतेय, तर हसू जरा आवरतं घेतलंय. कारण उसण बहुतेक वेळा आपली आपणच जाते. दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांना चांगला आराम पडतो आणि त्या काळात जो कुणी हाताशी असतो तो श्रेय घेऊन जातो. पायाळू, मालिशवाला, पट्टा, बाम. माझ्या क्लिनिकमधलं शेकाचं मशीनही त्यातच धर, पण हे बाहेर बोलू नकोस. लाथेत औषध काहीच नव्हतं. पण लाथ बसली की आजीच्या लेखी दुखणं संपलेलं असायचं आणि ती तशीच वाकडी वाकडी चुलीपुढे जाऊन बसायची. तिला गुण यायचा तो त्या उठून कामाला लागण्याचा.

हे मी माहेरच्या मायेने म्हणत नाहीये. फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस झोपवलं, एकाला कमरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तशी रोजची कामं करा. तिसरे सगळ्यात लवकर बरे झाले, झोपलेले सगळ्यात उशिरा. हे छापून आलं १९९५ साली. आणि तुला अजून तीन आठवडे!

आता तुझा रिपोर्ट. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकते. अरे, गॅप असतोच. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तिचीच ती जागा. वयाने गादीतलं पाणी कमी होतं आणि ती बसते, म्हणजे गॅप उलट कमी होतो. अमेरिकेत १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एम.आर.आय. काढले, तर सगळ्या गाद्या धड असलेले जेमतेम ३६ टक्के निघाले. बाकीचे गादी फुगलेली, सरकलेली घेऊन मजेत हिंडत होते. तू बेचाळीस वर्षांचा आहेस, तुझा रिपोर्ट कोरा आला असता तरच मी चक्रावले असते. नेमकं काय दुखावलंय, स्नायू की सांधा की गादी, हे बहुतेकदा कुणालाच सांगता येत नाही. आजूबाजूचे स्नायू आखडून पहारा देतात, म्हणून तू वाकडा झालायस.

चप्पल उचलायला वाकलो आणि एवढं कसं झालं, हा तुझा प्रश्न. सकाळचे किती वाजले होते? फोन कानाला होता ना? ऑस्ट्रेलियात ९९९ रुग्णांना असंच खोदून विचारलं, तर कंबर धरण्याचा धोका सकाळी सात ते बाराच्या दरम्यान सगळ्यात जास्त होता, आणि काम करताना लक्ष दुसरीकडे असणं हे मोठं कारण निघालं. रात्रभरात गाद्या पाणी पिऊन टम्म होतात, म्हणून सकाळची कंबर जास्त ताठ असते.

उठताना सरळ उठू नकोस. कुशीवर वळ, गुडघे पोटाशी घे, पाय पलंगावरून खाली सोड आणि हाताने रेटा देऊन बस. शिंक आली तर भिंतीला हात टेक आणि गुडघे जरा सैल सोड. स्मिताला सांग, गरम पाण्याची पिशवी दे. निरगुडीचा पाला मिळाला तर तोही चालेल, शेक तो शेक. नुसत्या पॅरासिटामॉलने फारसा फरक पडत नाही, हे २०१४ साली मोठ्या चाचणीत दिसलंय. सुजेवरच्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या थोडे दिवस जेवणानंतर चालतात, पण तुझी बी.पी.ची गोळी चालू आहे, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच. तासातासाने उठून घरात चार फेऱ्या मार. दुखेल. दुखणं म्हणजे मोडणं नव्हे.

एवढ्याला मात्र घाबरायचं: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, पायातली ताकद जाऊन चवडा फरफटायला लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल. आणि नानाकाका विसरू नकोस. तीन महिने उसण म्हणून शेक झाले, शेवंताच्या लाथाही झाल्या, आणि संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन कुणी मनावर घेतलं नाही. मणक्याचा क्षय निघाला. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, बरे झाले, पण पाठीला बाक राहिला. सहा आठवडे उलटले आणि दुखणं हटत नसेल, तर मीच तुला तपासणीला ओढून नेईन.

पट्टा विकत घेतलास तो ठेव, भांडू नकोस. फक्त पट्ट्याने पुढची उसण टळत नाही. चालण्याने ती लांबते. २०२४ सालच्या एका चाचणीत, नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना हळूहळू चालायची सवय लावली, त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, एवढंच त्यांचं उद्दिष्ट होतं. तुझ्या सोसायटीभोवती चकरा मारायला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवंता गेल्याच महिन्यात क्लिनिकवर आली होती, कंबर धरून. आता नातवंडं आहेत तिला. 'ताई, मला कोण लाथ मारणार?' म्हणाली. गुळाचा खडा मात्र मीच दिला.

तर तिकिटं रद्द करू नकोस. अजून अठरा दिवस आहेत. एस.टी.त खिडकीची जागा नको, मधल्या वाटेकडची घे, आणि गाडी थांबेल तिथे उतरून चाल. यंदा चकलीचा सोऱ्या तुझ्याकडे आहे, ओट्यापाशी, उभ्याने.

तुझी,
ताई